टबातला डोंगर

आमच्या शेजारणीच्या, ब्रिजीच्या दारात आंघोळीचा जुना टब होता आणि टबात डोंगर होता. खरंच सांगते. इथल्या डोंगरावर हेदरची जांभळी झुडपं असतात ना, त्यांचे मातीसकट उचललेले तुकडे ब्रिजीने त्यात जगवले होते.

इकडे परदेशात, वॉटरफोर्ड शहराबाहेर मुलाने घर घेतलं तेव्हापासूनची आमची ओळख. माझं इंग्रजी बेताचं, तिला मराठीचा गंध नाही. पण बोलल्याशिवाय दोघींनाही राहवायचं नाही, त्यामुळे काही अडलं नाही.

मागच्या डोंगरावर कुणीतरी स्कीइंगचा उतार केला. इथे बर्फ कुठला? म्हणून प्लास्टिकच्या चटया. त्यासाठी वरची काळी माती झुडपांसकट खरवडली, खाली रोलर फिरवला. कडेला फेकलेले ते तुकडे ब्रिजीने ढकलगाडीतून घरी आणले. म्हणायची, "यांचं दुकान बंद झालं की परत नेऊन लावीन." मी एकदा नळाचं पाणी घेऊन पुढे झाले, तर तिने हातातलं भांडं काढून घेतलं. "मिसेस, नळाला चुना फार. यांना पावसाचंच. तुम्हाला चहा करते."

भात झाला का बघायला आपण शीत दाबतो, तशी ती दिसेल तिथली माती अंगठ्याने दाबायची. "अंगठा जात नाही तिथे पाणीही जात नाही," म्हणायची. तसंच झालं. पाऊस उतारावरून सरळ खाली यायचा आणि तिचं अंगण गढूळ करून जायचा.

आमच्या नातीचा वाढदिवस त्याच उतारावर झाला. मला ब्रिजीकडे बघवेना. तिने मात्र नातीला विचारलं, "घसरलीस ना भरपूर? ग्रँड." मग मला हळूच म्हणाली, "पोरांचं काय चुकलं त्यात."

उतार चालला नाही. चटया गुंडाळून माणसं निघून गेली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिचे तुकडे वर नेले, खुंट्या मारून बसवले. ब्रिजीने खालच्या जमिनीला अंगठा टेकवला आणि हात पुसून ढकलगाडी उचलली. पुढे पाऊस लागला तो लागलाच. उघडल्यावर गेलो, तर सगळे तुकडे घसरून खाली कुंपणाशी साचले होते, मुळं वर करून. एकही मूळ जमिनीत शिरलं नव्हतं.

"ओळख दाखवत नाही बघा डोंगर," ती म्हणाली. त्यानंतर तिने डोंगर चढणं सोडलं.

थंडी सरता सरता ती वारली. भाच्याने घर रिकामं केलं. टब भंगारात निघाला होता, तो मी मागून घेतला. एक तुकडा तिने त्यात मागे ठेवला होता. नात त्याच्यासाठी बादलीत पाऊस धरते.

परवा उतारावर जाऊन आले. घळी पडल्यात, दगड उघडे पडलेत. वाकून अंगठा दाबला. नख दुखलं, अंगठा काही गेला नाही. घरी येऊन टबात दाबला. तिथे तो पार मुळांपर्यंत गेला. बराच वेळ काढावासा वाटेना.