क्लेमंटच्या डोक्यावरचा चतुर

डेव्हनमधल्या आमच्या गावच्या शाळेत म्युरिएल येलंडने एकतीस वर्षं पोरांचं जेवण रांधलं. निम्मं गाव तिच्या हातचं खाऊन वाढलेलं, त्यामुळे पाद्रीसाहेबांनाही ती अरे-तुरे करायची. अहो-जाहो फक्त एकाला, गुरांचे निवृत्त डॉक्टर क्लेमंट होसगुड यांना.

वसंतात गावात कोणाला कुठलं फुलपाखरू, कुठला चतुर दिसला, याची यादी क्लेमंट दुकानाबाहेरच्या फळ्यावर लावायचे. त्यांच्या परवानगीशिवाय त्या यादीवर माशी बसायची नाही.

चौदा एप्रिलला म्युरिएल धापा टाकत आली. "अहो क्लेमंट, शाळेमागच्या तळ्यावर रुंद पोटाचा चतुर! पिवळाधमक!"

"तो मे महिन्याआधी निघत नाही."

"मग त्याला कॅलेंडर नेऊन द्या!"

"चष्मा होता का डोळ्यांवर?"

नव्हता. क्लेमंटनी यादीत लिहिलं, 'बहुधा गांधीलमाशी.'

दुसऱ्या दिवशी पाववाल्याने विचारलं, "काय म्युरिएल, गांधीलमाशी बरी आहे ना?" तिने पाव तिथेच ठेवला, घडीची खुर्ची उचलली आणि तळं गाठलं. पाच दिवस बसली. दोन दिवस पावसाचा मार खाल्ला. दिसली ती बदकं.

सहाव्या दिवशी ऊन पडलं. क्लेमंट आले, टोपी काढून शेजारी टेकले. आणि तो चतुर येऊन थेट त्यांच्या टकलावर बसला!

"हलू नका," म्युरिएल पुटपुटली.

"का? काय आहे?"

"बहुधा गांधीलमाशी."

क्लेमंट पांढरेफटक. तेवढ्यात वाटेवरून मी आणि पाद्रीसाहेब आलो. "अरे वा, चतुर!" पाद्रीसाहेब ओरडले.

क्लेमंटनी नुसते ओठ हलवले. "पंखांच्या मुळाशी डाग?"

"आहेत. तपकिरी."

"पोट?"

"तुमच्यासारखंच," म्युरिएल म्हणाली.

बिचाऱ्यांनी डोळे इतके वर फिरवले की डोळ्यांचा नुसता पांढरा भाग दिसायला लागला. दहा मिनिटांनी चतुर उडाला, तोही मागच्या बाजूने. ते वळेपर्यंत गायब.

पण माणूस प्रामाणिक. संध्याकाळी फळ्यावर आलं : 'वीस एप्रिल. रुंद पोटाचा चतुर. जागा : माझं डोकं. मी सोडून सगळ्यांनी पाहिला. चौदा तारखेची नोंदही खरी. चूक माझी.'

त्यांना स्वतःला तो दिसला तीन मेला, म्युरिएलच्या शेजारी बसलेले असताना. खरं तर तिला आधीच दिसला होता. पण ते बोट दाखवून ओरडेपर्यंत ती गप्प राहिली.