हे नाव आधीच घेतलेले आहे

मुलीने परवा फोनवर नवं खातं उघडायला घेतलं आणि ‘हे नाव आधीच घेतलेले आहे’ असं उमटताच मला कर्वेनगरच्या कॉलेजातली ती थंडगार खोली आठवली, जिथे चपला बाहेर काढून जावं लागे, कारण आत सगळ्या स्टाफची ईमेल सांभाळणारा सर्व्हर होता आणि त्याचा पुजारी मी. खात्याचं नाव म्हणजे नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे आडनाव, असा नियम मीच मोठ्या ऐटीत केला होता. मग त्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेशी माझं लग्न झालं. विभागप्रमुख तिला घेऊन खोलीत आले आणि म्हणाले, "आता मॅडमना नव्या आडनावाचं खातं द्या, जुनं बंद करा." तिचा जीव टांगणीला, कारण परदेशी पाठवलेल्या पहिल्या शोधनिबंधाचं उत्तर त्या जुन्या पत्त्यावरच यायचं होतं. मी नवं नाव टाकलं, तर सर्व्हर म्हणे, हे नाव आहेच. असणारच, ते माझं होतं; आमची आद्याक्षरंही एकच! "मग शेवटी दोनचा आकडा लावा की," सर म्हणाले. "म्हणजे मी यांची दुसरी का, सर?" तिने शांतपणे विचारलं. सरांनी उगाच चष्मा पुसला, "राहू द्या आहे ते," म्हणाले आणि चपला घालून निघाले. पंधरवड्यात निबंध स्वीकारल्याची मेल जुन्याच खात्यात आली. आडनाव तिने पुढेही बदललं नाही. सोसायटीत हल्ली मलाच सगळे तिच्या आडनावाने हाक मारतात, आणि मी खुशाल ओ देतो.