बाबांची बिनछपराची गाडी

मी माझ्या सासऱ्यांवर भर हायवेवर ओरडायचे.

दर रविवारी. घसा बसेपर्यंत.

आज बाबांना जाऊन एक वर्ष झालं.

बाबा मूळचे धुळ्याकडचे. तरुणपणी सुरतला आले आणि उधन्यात कापडाच्या लूमच्या कारखान्यांमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलं. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले.

कानाचं मशीन आणलं होतं. त्यात माणसं कमी आणि भांडीच जास्त ऐकू येतात म्हणाले. मशीन कपाटात गेलं.

मी नाशिकची. आवाज मुळातच बारीक. त्यात आईनं लग्नाआधी बजावलेलं, सासऱ्यांसमोर आवाज चढवायचा नाही.

म्हणजे मोठ्याने बोलले तर उद्धट, आणि हळू बोलले तर त्यांना ऐकूच जायचं नाही.

लग्नानंतर दोन वर्षं आमचं संभाषण सासूबाईंमार्फत असं चालायचं: "आई, बाबांना सांगा ना, चहा झालाय."

बाबा समोरच बसलेले असायचे!

मग बाबा रिटायर झाले आणि त्यांनी ती गाडी आणली.

जुन्या विलायती रेसिंग गाडीची नक्कल. कडोदऱ्याच्या कुणा हौशी माणसानं बनवून घेतलेली. लाल फायबरची बॉडी, दोन सीट, बस्स. छप्पर नाही, काचा नाहीत, एसी नाही, रेडिओ नाही. स्टिअरिंग इतकं जड की वळण घेताना हात भरून यायचे. आणि आवाज असा की सोसायटीत चालू केली की गच्चीवरची सगळी कबुतरं उडायची.

कशासाठी? काही नाही, मजा म्हणून. आयुष्यभर सायकल नाहीतर मोपेडवर फिरलेल्या माणसाला एकदा मजा करायची होती.

"काका, छापरुं क्यां?" शेजारच्या भाईंनी विचारलं, छप्पर कुठंय म्हणून.

"हा हा, पेट्रोलवर," बाबा म्हणाले.

सासूबाईंनी बसायला साफ नकार दिला. अंबाडा सुटेल म्हणाल्या. नवऱ्याला कंबरदुखी. उरले मी.

"चाल बेटा, बठ."

ओढणी डोक्याला घट्ट बांधून कामरेजला निघाले. रस्ता इतका जवळ की हात खाली केला तर लागेल असं वाटत होतं. एक ट्रक अगदी खेटून गेला.

"बाबा, सावकाश," मी म्हटलं. काही नाही. परत म्हटलं. काही नाही.

मग जीव खाऊन ओरडले. "बाबाऽऽ! सावकाऽऽश!"

आणि घाबरून जीभ चावली. पण बाबा हसत होते. हसत हसत काहीतरी म्हणाले. त्या इंजिनापुढे मला एक अक्षर कळलं नाही.

"काय?" मी ओरडले.

बाबा इतके खूश झाले! कित्येक वर्षं "काय?" विचारणारे घरात तेच एकटे होते ना.

कामरेजला पोंक, म्हणजे सुरती हुरडा, खाल्ला. येताना धीर करून मी ओरडले, "मला घरात करमत नाहीऽऽ!"

"माले बी नही!" बाबा ओरडले.

त्यानंतर एक रविवार चुकला नाही. मला नोकरी करायचीय हे आधी हायवेला कळलं, मग बाबांना आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याला.

मग त्यांच्या वाढदिवसाला मी एक शहाणपणा केला.

गाडी गुपचूप गॅरेजला नेली. मोठा सायलेन्सर बसवला, खाली जाड रबर घातलं. वाटलं, उरलेले कान तरी वाचतील. निवांत बोलताही येईल.

बाबा "छान" म्हणाले. आम्ही एक चक्कर मारली.

गाडी खरंच शांत झाली होती. आणि माझ्याही नकळत मी परत माझ्या बारीक आवाजात बोलायला लागले.

"काय?" त्यांनी विचारलं. मग परत, "काय?"

तिसऱ्यांदा विचारलं नाही. नुसती मान हलवली.

पुढचे तीन रविवार गाडीवर कव्हर. गुडघा दुखतोय म्हणाले. शेवटी मी मोबाइलवर टाइप करून त्यांच्यासमोर धरलं, 'बाबा, माझं काही चुकलं का?'

त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"पहिले गाडीमा तू बी बहिरी, मी बी बहिरा," ते म्हणाले. "दोन्ही बराबर. आते एकटा मीच बहिरा."

मला रडूच फुटलं.

सायलेन्सर दुसऱ्या दिवशी निघाला. पण त्याआधी, त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून हाक मारली. "बाबाऽऽ! चहाऽऽ!"

सासूबाईंच्या हातातली गाळणी पडली. बाबा मात्र आले. एका हाकेत.

गेल्या वर्षी दवाखान्यात सगळे त्यांच्या कॉटभोवती कुजबुजत उभे होते. मी ऑफिसातून तशीच गेले. वाकून ओरडले, "बाबाऽऽ, मी आलेय!"

सिस्टर धावत आली. "बेन, धीरे बोलो!"

"धीरे इनको सुनाई नहीं देता," मी म्हटलं.

बाबांनी डोळे उघडले. काहीतरी म्हणाले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, ओठही नीट दिसेनात.

"काय?"

परत म्हणाले. मला नाही कळलं, बाबा. खरंच नाही कळलं. अजून फार वाईट वाटतं त्याचं.

परवा घरात विषय निघाला, आता गाडी विकून टाकू या. कोण चालवणार ती?

मी नाही म्हटलं. इतक्या मोठ्याने की शेजारचे भाई दारात येऊन उभे राहिले.

बाबा, तुमच्या सुनेचा मनापासून नमस्कार.