वाजलं काय वं?

आज अवजारांची पेटी उघडली अन् ग्रीसच्या वासानं सावली गावातल्या आमच्या ट्रॅक्टर-गॅरेजची ती दुपार आठवली. यांनी चंद्रपुराहून जुना टॉर्क पाना आणला होता. नवा परवडत नव्हता. नट हवा तेवढा आवळला गेला की हा पाना 'कट्ट' वाजतो. तिथंच थांबायचं, नाही तर बोल्ट तुटतो. तो खरा बोलतो का, हे पाहायला यांनी तो बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात आडवा पकडला, किती जोरावर वाजायचं तो आकडा लावला अन् मुठीला धानाच्या काट्याचं दहा किलोचं वजन टांगलं.

पण इंजिनांजवळ राहून यांचे कान कधीचेच गेलेले, बोटंही सुन्न.

"वाजलं काय वं?"

"वाजलं जी! कान काऊन चंद्रपूरच्या दुकानातच ठेवून आले?"

हे हसले. "मंग आता तूच माहा कान. तू नसली तं हा पाना मुका."

तेव्हापासून दर बोल्टाला मी जवळ उभी. कंटाळा यायचा, खरं सांगते. संध्याकाळी आकडा खाली उतरवायचा, म्हणजे आतली स्प्रिंग दमत नाही, तेही माझ्याचकडे.

हे जाऊन बरीच वर्षं झाली. आकडा मी अजून उतरवूनच ठेवते. आज पाना शिकंज्यात लावून ओढला. कट्ट वाजलं, अगदी स्पष्ट. आकडा परत उतरवला.

मग मीच म्हटलं, "वाजलं जी."