नोव्हेंबरातली दाढी

जबलपूरला महाराजपूरच्या कॉलनीत आमचे एक शेजारी आहेत. एरवी रोज दाढी करणारे, नोव्हेंबरात मात्र पुरुषांच्या आजारांची लोकांना आठवण राहावी म्हणून ती वाढवतात. कोणी विचारलं की थकल्या आवाजात तेच सांगतात, "पुरुष दुखणं लपवतात, भैया. प्रोस्टेट तपासून घ्या." लोक हसतात. मीही हसायचो.

यंदा त्यांनी मला फाटकाशी गाठलं. "तुमच्या बाथरूमचा दिवा रात्रभर चालू-बंद होऊन राहिला. काहून अंगावर काढता?"

"वय झालं आता," मी पुटपुटलो.

त्यांनी स्कूटर काढली. "चलो, बसा मागे."

दवाखान्यात माझं नाव पुकारलं, पण मला उठवेना. तेच उठले आणि दारातूनच डॉक्टरांना म्हणाले, "पहले मुझे देख लीजिए. सबको बोलता हूँ, खुद कभी नहीं दिखाया."

मी त्यांच्या मागोमाग आत गेलो.