मीटरवरचं शून्य

विजेवर चालणाऱ्या बसच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे ‘थांबाताई’ म्हणत. तिच्या तोंडी तो एकच शब्द! आधी वीस वर्षं तिने वडिलांच्या दुकानात पंपांच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरल्या. त्या बंद केल्या की बंद. बसच्या मोटारीचं तसं नव्हतं. बटण बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट आत दबा धरून बसलेले असू शकतात, हे प्रशिक्षणात ऐकलं तेव्हापासून ती कुठल्याही मोटारीला हात लावण्याआधी थांबायची.

त्या दिवशी पाणी शिरलेली एक बस आली. मोटारीचं इन्सुलेशन तपासायचं होतं. जोडीला तिथेच कामाला असलेला तिचा धाकटा दीर होता. तिने बॅटरीचा सुरक्षा-प्लग काढला, तिथे कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला दहा मिनिटं लागतात, म्हणून दोघं थांबली.

“वहिनी, एवढ्यात चहा पिऊन झाला असता,” दीर कुरकुरला.

मग तिने मोटारीकडे जाणाऱ्या जोडण्यांवर मीटर लावलं. शून्य.

“झालं ना समाधान?” म्हणत त्याने रबरी हातमोजे काढले. मोज्यांतून बारीक बोल्ट धरता येत नव्हते. तो वाकून मोटारीच्या झाकणाचे बोल्ट काढू लागला.

तिचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. एरवी दोन-चार व्होल्ट तरी उरलेले दिसत. आज आकडा हललाच नाही.

“थांबा, भावजी. मीटर चालतंय का, बघते.”

तिने शेजारच्या टेबलावरच्या साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीला मीटर लावलं. तिथेही शून्य.

“हात मागे घ्या!” ती किंचाळली. “आधी हात मागे!”

तो दचकून दोन पावलं मागे सरला. झाकणाचा शेवटचा बोल्ट तेवढा राहिला होता.

तिने दुसरं मीटर आणलं, आधी बॅटरीवर पारखलं, मग हातमोजे चढवून त्याच जोडण्यांवर टेकवलं. चारशे बारा व्होल्ट! कपॅसिटरमधली वीज उतरवणारा भागच पाणी शिरून निकामी झाला होता, आणि पहिल्या मीटरची वायर आतून तुटलेली.

दिराने काढून ठेवलेले हातमोजे उचलून पुन्हा चढवले.

साठलेली वीज नीट उतरवून काम तिनेच पुरं केलं. दुपारी मात्र तिचा जेवणाचा डबा तसाच राहिला.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी नियम काढला, की मीटर आधी आणि नंतरही बॅटरीवर पारखायचं. सगळ्यांना वाटलं, आता ताई निर्धास्त झाली असेल. ती मात्र आठवत राहायची, आजवर अशा किती शून्यांवर आपण डोळे झाकून विश्वास ठेवला.