एका मिशीचा मासा

उकंडाजी पाटील गळ टाकून बसायचे तेव्हा उपरण्याचं टोक नाकाला लावायचे. गळ्यात तुळशीची माळ. घरात कोणी माशाचं नाव काढलं तरी अंगणात गोमूत्र शिंपडायला लावणार. आणि हा माणूस गावतळ्याच्या पाळीवर खुर्ची मांडून, डोक्यावर छत्री धरायला गडी उभा करून, मासे धरायला बसलेला. गळाची काठी अशी दोन बोटांत धरायचे, की जणू कोणी हातात मेलेली घूस दिली आहे. पाण्याला आलेल्या बायका पदराआड हसायच्या. मी उघड हसायचो. माझं शेत तळ्याला लागून होतं आणि पाटलांचं नि माझं कधी पटलं नाही, त्यामुळे मला पदराची गरज नव्हती.

आमचं गाव अकोल्याहून बैलगाडीने दिवसभराच्या वाटेवर. ती वर्षं कापसाची होती. तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीला एकाएकी अवाच्या सवा भाव आला. ज्यांच्या घरी सणालाही पुरण शिजत नव्हतं ते बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवू लागले. लोकांनी ज्वारी सोडली, गायरानं नांगरली, उकिरड्याच्या जागेवरसुद्धा सरकी पेरली. या येडेपणात उकंडाजी सगळ्यांच्या पुढे. त्यांची नजर थेट गावतळ्यावर गेली. पाळ फोडायची, पाणी नाल्यात सोडून द्यायचं आणि तळाच्या गाळात कपाशी लावायची, असा त्यांचा बेत होता. असला गाळ साऱ्या वऱ्हाडात नाही, असं ते स्वतः पिकवल्याच्या ऐटीत सांगायचे.

तळं गेलं असतं तर गाव उठलं असतं. होळी झाली की आमच्या विहिरींचा तळ दिसायचा. मग माणसं, गुरं, धुणी, सगळी भिस्त तळ्यावर. काठावरच्या भोयांची घरं तर त्यातल्या मासळीवरच जगायची. मी हे पाटलांना चावडीवर चारचौघांत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पानी पिऊन कोनी मोठं झालं काय, गणपत?" ते म्हणाले. "साहेबाले काय आवडते, थे पाहा. साहेबाले कापूस आवडते."

हे त्यांचं पालुपद. जोडा घ्यायचा असो की सोयरीक जमवायची असो, आधी साहेबाला काय आवडतं याचा अंदाज. एकदा कोणीतरी सांगितलं की साहेब लोक कुत्र्याला शेजारी बसवतात, तर यांनी बैठकीत एक खरजुलं कुत्रं आणून बसवलं. ते पहिल्याच दिवशी गादीवर घाण करून पळालं, आणि त्या दिवसापासून मला त्या कुत्र्याबद्दल आदर आहे.

त्या हिवाळ्यात जमीन मोजणारा गोरा साहेब आला आणि तळ्याकाठच्या आमराईत तंबू ठोकून राहिला. कोणती जागा पेऱ्याची नि कोणती पाण्याची, हे त्याच्या शब्दावर ठरणार होतं. म्हणून पाटील सकाळ-संध्याकाळ तंबूच्या दाराशी. साहेब तिशीचा, लाल नाकाचा, मोडक्या हिंदुस्थानीत मोजकं बोलणारा. त्याला वेड एकच. त्याच्या गावच्या नदीत बर्बट नावाचा मासा होता. त्याचं चित्र तो येईल त्याला पुस्तकातून दाखवायचा. लांबट सापासारखं अंग, अंगावर ठिपके आणि हनुवटीखाली अगदी मधोमध एकच मिशी. नदी गोठायला लागली की मी नि माझे वडील तो धरायला जायचो, असं सांगताना त्याचा आवाज बसायचा. वडील वारले होते आणि ती खबर त्याला इथे कित्येक महिन्यांनी पोचली होती. मला त्याची कीव आली. पाटलांना त्यात तळं दिसलं.

हा मासा आमच्याच तळ्यात आहे, असं त्यांनी छातीवर हात ठेवून ठोकून दिलं. साहेबाने खूश होऊन आपली काठी आणि गळ त्यांच्या हातात दिला. मग ते खुर्ची-छत्रीचं नाटक आठवडाभर चाललं. पाटलांच्या गळाला एक खेकडा लागला आणि एकदा त्यांचंच उपरणं.

शेवटी त्यांनी सरू भोईणीला बोलावलं. सरू उतारवयाची, जाळं टाकण्यात पटाईत आणि तोंडाने फटकळ. चित्र पाहून ती म्हणाली, "असा मासा नाई अठी. लांब अंगाचा मरळ हाय, त्याले मिशीच नाई. शिंगट्याले मिशा हायत, पन त्याले आठ. तुमाले एका मिशीचा पायजे तं देवाले सांगा."

पाटलांनी देवाला तसदी दिली नाही. त्यांनी सरूकडून एक मोठा मरळ आणि एक शिंगटा मागवला, शिंगट्याची एक मिशी कापायला लावली आणि ती सुईने मरळाच्या हनुवटीत बसवून घेतली. सगळा वेळ स्वतः नाक दाबून पाच हात लांब उभे. सरूने मला हे सांगितलं तेव्हा मी तिच्यावर चिडलो. ज्या तळ्यावर ती जगत होती ते बुडवायलाच ती मदत करत होती. ती शांतपणे म्हणाली, "साहेब काय आंधळा हाय? थो मासा पाटलाच्या तोंडावर फेकन. मले थेच पाहाचं हाय."

ते पाहायला मीही गेलो. निम्मं गाव गेलं. पाटलांनी केळीच्या पानावर मासा पुढे केला. साहेबाने तो उचलला आणि मिशीवरून बोट फिरवलं. आता मिशी निघते, असं मला वाटलं. पण त्याने ती ओढली नाही. तो तसाच खाली बसला, मासा मांडीवर घेऊन, आणि पोरासारखा रडला. त्याला खरंच कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

हीच वेळ, असं समजून पाटलांनी तळ्याची गोष्ट काढली. साहेबाने डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जहाँ ये मछली है, वहाँ पानी रहेगा। पाटील रखवाला।" तळं पाण्याचंच राहील, पाळीला कोणी हात लावला तर जाब पाटलांना विचारू, असंही त्याने बजावलं. पाटलांच्या नाकावरचं उपरणं तेव्हा पहिल्यांदा आपोआप खाली आलं. सरू इतकी हसली, की तिला धरून घरी न्यावं लागलं.

पुढे दर थंडीत साहेब यायचा आणि पाटलांना दर थंडीत एका मिशीचा मासा हजर करावा लागायचा. त्यासाठी सरूच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि ती त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवायची. मरळ संपला तर आपण मेलो, या धाकाने त्यांनी पाळीवर राखणदार बसवला. ज्या पाळीवर त्यांना कुदळ चालवायची होती, तिच्यावरच ते स्वतः उभे राहून माती घालून घ्यायचे.

मग अमेरिकेतली लढाई थांबली. कापूस आपटला. चांदीच्या शेंब्या जिथून आल्या होत्या तिथे परत गेल्या, साहेबाची बदली झाली, आणि पाठोपाठ पाऊस रुसला. आसपासच्या गावांनी आपली तळी केव्हाच नांगरून टाकली होती. आमच्या तळ्यात मात्र भर ज्येष्ठात पाणी होतं. चहूकडून माणसं गुरं घेऊन आली. पाटील पाळीवर तीच खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाचा नमस्कार घेऊ लागले.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "पाटील, तुमीच तं हे तळं फोडून राहिले होते ना?"

"मी?" ते म्हणाले. "म्या राखलं म्हनून तं हाय, बाप्पा."

ते खोटं बोलत होते असं वाटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. मेले तेही तळ्याचं पाणी तोंडात घेऊन, तृप्त चेहऱ्याने. गावाने पाळीवर त्यांचा चौथरा बांधला. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायका तिथे पाण्याची घागर ठेवतात. सरूही गेली, तिच्या नावाचा साधा दगड कुठे नाही.

यंदा अखजीला सूनबाई घागर घेऊन निघाली, तेव्हा मी तिला वाटेत सगळी हकीकत सांगितली: साहेब, सुई, मिशी, सगळी. तिने ऐकून घेतलं आणि चौथऱ्यापाशी थांबून विचारलं, "मामाजी, मंग पानी कोनाच्यानं राह्यलं?"

उत्तर फिरून पाटलांच्याच नावाशी येत होतं, आणि ते नाव मला घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "ठेव घागर अन् चाल." तिने ठेवली. उन्हाने माझा घसा सुकला होता, म्हणून मी पाळ उतरून ओंजळभर पाणी प्यालो. गार होतं, गोड होतं. उकंडाजींचा राग मला अजून येतो. हे पाणी पिताना तर जास्तच येतो.